दाबपेटीचा काटा

कोल्हापुरात एका बोलपटाच्या कंपनीत मी आवाजाच्या खात्यात होतो. हे आमच्या वाडीत कुणाला नीट सांगता यायचं नाही. आमची वाडी कुंभारवाड्याच्या पलीकडे, रानात. थोडीशी घरं, खाली भाताची खाचरं, वर सगळं फॉरेस्ट. बोलपट म्हणजे काय ते अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, मी एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्यात तू काय करतोस?"

"लोक बोलतात त्यांचा आवाज कमीजास्त करतो."

"त्यास्नी हळू बोला म्हनून सांगता येत न्हाई व्हय?"

खरं म्हणजे माझं काम तेवढंच होतं. बोलपटाच्या फिल्मच्या कडेला आवाजाची एक चिंचोळी पट्टी असते. माइकपुढं माणूस बोलला की त्या पट्टीवर उजेडानं त्याच्या आवाजाची रेघ उमटते. कुणी फार मोठ्यानं ओरडलं तर रेघ पट्टीबाहेर जाते आणि थेटरात तो आवाज फाटका, खरखरीत येतो. कुणी अगदी हळू बोललं तर फिल्मच्या स्वतःच्या सरसरीत ते बुडून जातं. म्हणून ओरडणाऱ्याला दाबायचं आणि कुजबुजणाऱ्याला उचलायचं. सुरुवातीला हे मी हातानं करत असे. हेडफोन लावून बसायचं, नटाच्या तोंडाकडं बघायचं, आणि तो ओरडायच्या बेतात आला की आवाजाची गुंडी फिरवून मागं घ्यायची. सगळे संवाद पाठ असावे लागत. तरी एखादा नट तालमीत एक करी आणि प्रत्यक्षात दुसरंच. मग माझा हात मागं राही आणि शॉट वाया जाई.

आमच्या खात्याच्या प्रमुखांना सगळे दादा म्हणत. मला त्यांनीच घेतलं होतं. आमच्याकडच्या, काळी नदीकाठच्या सुप्याच्या शाळेत शिकून मी बेळगावला गेलो, तिथं एका फिरत्या सिनेमाच्या तंबूत इंजिन चालवलं, आणि तिथून कोल्हापूरला आलो. दादांनी पहिल्या भेटीत माझ्या कानाला हेडफोन लावले आणि काय ऐकू येतं ते विचारलं. मी म्हटलं, एक शिट्टी आहे, अगदी बारीक, डासासारखी. त्यांनी यंत्रातले काचेचे व्हॉल्व्ह एकेक करून बदलून पाहिले आणि एकाला हात लावल्यावर ती शिट्टी थांबली. "उद्यापासून ये," एवढंच ते म्हणाले.

पुढं दादांनी परदेशी मासिकातली आकृती बघून एक पेटी बांधली. कॉम्प्रेसर असं तिचं नाव. आम्ही तिला दाबपेटी म्हणायचो. शिवणयंत्राच्या पेटीएवढी, काळ्या पत्र्याची. समोर दोन गुंड्या आणि मध्ये काचेआड एक काटा. आवाज मोठा झाला की ती आपोआप त्याला दाबायची, माणसाच्या हाताची वाट बघायची नाही. डावी गुंडी ठरवायची की आवाज कितपत मोठा झाल्यावर दाबायला लागायचं. उजवी ठरवायची की दाबलेला आवाज पुन्हा मोकळा किती वेळानं सोडायचा. काटा एरवी उजव्या अंगाला पडून असे. पेटी आवाज दाबू लागली की तो डावीकडं झुके. जितका झुकेल तितकं दाबणं जास्त.

डावी गुंडी कुणालाही जमेल अशी होती. अवघड होती ती उजवी. आवाज लवकर सोडला तर शब्द संपल्यासंपल्या मागची घरघर, दूरचा टांगा, जे काही असेल ते उसळून वर यायचं. ऐकणाऱ्याला वाटायचं, खोलीच धापा टाकते आहे. फार सावकाश सोडला तर ओरडण्यापाठोपाठ आलेला हळू शब्द दाबाखाली जिरून जायचा. यांच्या मधली जागा प्रत्येक माणसाची वेगळी, प्रत्येक वाक्याची वेगळी. दादा सांगायचे, "काटा किती दाबलं ते दाखवतो. कसं दाबलं ते दाखवत नाही. ते कानानं ऐकायचं." मला ती जागा सापडायची. या कामात मी चांगला होतो, हे आज सांगायला हरकत नाही. त्यावर आता कुणाचं काही अवलंबून नाही.

एका बोलपटासाठी कंपनीच्या मालकांना भरलेली नदी आणि दाट रान हवं होतं. कुणीतरी काळी नदीचं नाव काढलं आणि मी तिकडचा म्हणून मला बोलावणं आलं. भाद्रपद सरत आला होता. मी दादांना म्हटलं, "या दिवसांत सुप्याकडं बाहेरचं माणूस जात नाही. तापाचे दिवस आहेत. दिवाळी होऊन गेली की जाऊ." दादांनी ते मालकांच्या कानावर घातलं. मालक म्हणाले, दिवाळीनंतर नदी उतरेल, मग जाऊन काय करायचं. त्यांचंही खोटं नव्हतं. किनीनच्या गोळ्या बरोबर घेतल्या आणि आम्ही गेलो.

सुप्याच्या अलीकडं नदीकाठी मुक्काम पडला. आवाजाची यंत्रं बसवलेली मोटार काठाजवळ आणली. अण्णा वाडीहून चालत आला तो मोटारीपाशी उकिडवा बसून राहिला. "ह्या दिसांत हितं कोन येतं रं?" हे त्यानं मला आल्या आल्या विचारलं, पुन्हा नाही. मी त्याच्या कानाला हेडफोन लावले. तो बराच वेळ ऐकत राहिला, मधूनच मान वळवून नदीकडं बघत.

"नदी हितंच हाय की," तो म्हणाला. "ती पेटीत कशाला घालायची?"

प्रसंग असा होता. नायिका काठावर उभी राहून पलीकडच्या नावाड्याला हाक मारते. नाव येत नाही. ती आणखी मोठ्यानं हाक मारते आणि मग स्वतःशीच हळू म्हणते, "आता कोण येणार." हाक आणि ते हळू वाक्य यांच्या मध्ये नदीचा नुसता लोट. तालमीत पहिल्यांदा काटा डावीकडं जाऊन आपटला आणि हाक संपताच नदी उसळून कानात आली. मी उजवी गुंडी सावकाश केली, तर तिचं वाक्यच गेलं. थोडी मागं घेतली. मग आणखी थोडी. शेवटी हाक दाबली गेली, पण दाबल्यासारखी वाटेना. ती विरली तशी नदी हळूहळू वर आली, आपण ऐकायचं थांबल्यावर येते तशी. आणि त्या पाण्यावर ते तीन शब्द नीट तरले. दादांनी आपले हेडफोन काढले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. शॉट झाला. तसं काम त्यानंतर माझ्या हातून झालं नाही.

ताप पहिल्यांदा रंगाऱ्याला आला, मग मोटारवाल्याला, मग एकेकाला. लहानपणी मला तो कितीदा येऊन गेला होता, म्हणून मला भीती नव्हती. पण इतकी वर्षं बाहेर राहून अंगातली ती सवय गेली असावी. मला आला तो डोक्यात चढला. त्यानंतर नदीकाठची माणसं, मोटार, दादा, यांचं काय झालं ते मला आठवत नाही. सुप्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुईतून किनीन दिलं आणि पुढं कितीतरी दिवस तोंडानं देत राहिले. नसतं दिलं तर मी वाचलो नसतो, हे त्यांनी दादांना सांगितलं आणि ते खरं होतं. आमच्याबरोबरचा मोटारवाला वाचला नाही.

उतार पडल्यावर अण्णानं मला घोंगडीच्या झोळीत घालून वाडीवर नेलं. त्याची बायको मागंच तापानं गेली होती, मूल नव्हतं. घरात तो एकटा. पेज करून पाजायचा, अंग पुसायचा. कानात सारखा किडे ओरडल्यासारखा आवाज होता. पण आश्विनात आमच्या रानात किडे ओरडतातच, भर दुपारीसुद्धा. किनीननं कान वाजतात हेही सगळ्यांना माहीत. मी त्याचा विचार केला नाही.

हिंडाफिरायला लागलो तसा कोल्हापूरला परत गेलो. कामावर पहिल्या दिवशी आवाजाच्या खोलीत शिरलो. तिच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या, दाराला लोकरीचा जाड नमदा. आत बाहेरच्या आवाजाचा कण येत नाही. दार लावून घेतलं आणि किडे तिथंही ओरडत होते. मी खुर्चीवर बसून राहिलो. हेडफोन लावले, काढले, पुन्हा लावले. काही फरक नाही. मग उठलो आणि दादांना जाऊन सांगितलं.

दादा म्हणाले, "किनीनचं आहे. जाईल." पण त्यांनी मला पाठमोरं उभं केलं. थोड्या वेळानं माझ्या खांद्याला हात लावला. वळून बघितलं तर त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. तो त्यांनी माझ्या कानामागं वाजवला होता.

"काहीच नाही?" त्यांनी विचारलं.

"केव्हा वाजवलात?" मी म्हटलं.

माणसाचं बोलणं मला ऐकू यायचं, समोर असलं तर. पण शब्दांच्या कडा गेल्या होत्या. 'स' कुठं आणि 'फ' कुठं ते ओठांवरून ताडायचं. घरी बायकोचा आवाज मुळात बारीक. ती सुप्याकडची, माझ्याकडं पाठ करून भाकरी थापता थापता दिवसभराचं सांगायची तिला सवय. शेजारीण काय म्हणाली, नळाला पाणी कधी आलं, माहेरचं कोण भेटलं. मी परत आलो त्या आठवड्यात ती बोलत होती आणि मी गप्प बसलो होतो. ती वळली.

"मी केवढ्या येळचं इचारतेय," ती म्हणाली.

"काय?"

तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा "काय?" म्हटलं. मग ती पीठ लागलेल्या हातानं माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या तोंडाकडं बघत सावकाश म्हणाली, "दूध घेऊ का, दूध." त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची ते समोर बसून. काम टाकून समोर येऊन बसावं इतकं जे महत्त्वाचं, तेवढंच ती बोलायची. बाकीचं बोलणं गेलं. ते सगळं कुठं गेलं असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

दादांनी मला काढलं नाही. दाबपेटीवर काटा आहे, काटा डोळ्यांनी दिसतो, असं ते मालकांना म्हणाले. मीही तसंच धरून चाललो. काचेतून नटाचे ओठ बघायचे आणि काट्यावर नजर ठेवायची. कोणता नट बोलला की काटा कुठवर जातो, कसा परततो, हे माझ्या डोळ्यांत बसलं. उजवी गुंडी मी काट्याच्या परतण्यावरून लावू लागलो. तो झटकन परतला तर जास्त सावकाश करायची, रेंगाळला तर कमी. पहिले काही दिवस दादा शेजारी बसून मान हलवत. मग त्यांनाही दुसरी कामं होती.

बोलपट जोडून झाल्यावर कंपनीच्या लोकांना दाखवायचा असे. त्यात एक म्हातारी आई मरताना मुलाशी बोलते असा प्रसंग होता. तो सगळा मी पेटीवर एकट्यानं धरला होता. अंधारात मी मागच्या खुर्चीवर होतो. पडद्यावर ती बोलत होती, मला नुसते ओठ हललेले दिसत होते. पुढच्या रांगेतलं कुणीतरी मागं वळून बघू लागलं. मग दुसरं कुणी. आईचं काम केलेली नटी होती तिनं पदर तोंडाला लावला. रडते आहे असं मला वाटलं, पण तिचे खांदे हसल्यासारखे हलत होते. मालक उठून बाहेर गेले.

दिवे लागल्यावर दादा माझ्याजवळ येऊन बसले, माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "धापा टाकतंय. तिचा शब्द संपला की मागच्या पंख्याची घरघर वर येते. प्रत्येक शब्दाला."

"काटा बरोबर होता, दादा."

"काटा बरोबरच होता," ते म्हणाले.

त्यांचा आवाज रागाचा होता की कसला, मला कळलं नाही. चेहरा तेवढा थकलेला दिसला. तो प्रसंग पुन्हा घेतला, पेटीवर दादा स्वतः बसले.

मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं दादांनीच नेलं. त्यांनी कानात दिवा घालून पाहिलं, लोखंडाचा चिमटा वाजवून कपाळाला लावला, कानामागच्या हाडाला लावला. शेवटी कागदावर लिहून दाखवलं की आतली नसच गेली आहे, औषध नाही, आहे ते टिकलं तर बरं. ते टिकलं नाही. बायकोनं कुणी सांगितलेलं तेल घातलं, कुणी सांगितलेला पाला पिळला. मी घालू दिलं. तिला काहीतरी करायला हवं होतं.

कंपनीत मला सुतारखात्यात लावलं. तिथं कुणी मागून ओरडलं तर मला कळायचं नाही. एकदा वरून फळी सुटली ती खांद्यावर आली. त्यानंतर मी स्वतःच जातो म्हणून सांगितलं. दादा मोटारथांब्यापर्यंत आले होते. ते बोलत राहिले, मी मान हलवत राहिलो. गाडी सुटेपर्यंत दोघांनीही ते चालू ठेवलं.

वाडीवर अण्णाला बरं वाटलं, निदान घरात माणसं आली. माझी बायको आल्यापासून त्याला तिच्या हातचं जेवण मिळू लागलं. त्यानं माझ्याशी बोलायची आपली एक रीत काढली. हात धरून तो मला खाचराकडं न्यायचा आणि काय करायचं ते बोटानं दाखवायचा. रानातल्या माणसांना एवढ्या शब्दांची गरज नसते असं मी मनाला समजावत असे. पण ते खरं नव्हतं. आमच्याकडं माणसं एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर हाका मारून बोलतात. कुणाची गाय कुठं दिसली, कुणाकडं काय झालं, सगळं हाकांवर. सगळी वाडी मान वर करून ऐकायची आणि मी त्यांच्या तोंडांकडं बघायचो.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी अण्णाला ताप भरला. साधा वाटला, मग थंडी वाजून येऊ लागला. मी नावेनं नदी ओलांडून सुप्याला चालत गेलो आणि दवाखान्यातून किनीन आणलं. त्यानं पुडी हातात घेतली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"न्हाई," तो म्हणाला. हे मला ओठांवरून स्पष्ट कळलं.

मी म्हटलं, थोडंच घे. सगळ्यांचे कान जात नाहीत. मला फार दिलं होतं, मी फार आजारी होतो. त्यानं मान हलवली आणि बायकोकडं बघून काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

ती सांगेना. मी पुन्हा विचारलं तेव्हा माझ्यासमोर येऊन म्हणाली, "भावजी म्हनत्यात, तुमच्यावानी व्हायचं न्हाई मला."

तिनं किनीन पेजेत कालवून दिलं, तर कडू लागलं म्हणून त्यानं ओतून टाकलं. मी त्याच्यापुढं हात जोडले. शुद्धीत होता तोवर तो ऐकला नाही, आणि शुद्ध गेल्यावर त्याला गिळता येईना. डॉक्टरांना आणायला माणूस धाडला, पण तोवर नदीला पूर आला होता, नाव बंद होती. एका दुपारी अण्णा बोलू लागला. पुष्कळ बोलला. त्याचं तोंड भिंतीकडं होतं, आणि असतं माझ्याकडं तरी तापातल्या माणसाचे ओठ मला वाचता आले नसते. बायको उशाशी बसून ऐकत होती, मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होती. मी दोघांकडं बघत पायथ्याशी बसलो होतो. दिवस कलायच्या आत तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी तिला विचारलं, काय बोलत होता अण्णा.

"काय न्हाई. वैरनीचं बोलत हुते. पाऊस उघडला की वैरन काडा म्हनत हुते."

"एवढा वेळ?"

"व्हय."

ते तसंच असेल. मला तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचं मी टाळलं.

भात पिकायला आलं की आमच्याकडं खाचरातल्या उंच माळ्यावर बसून राखण करावी लागते. डुकरं येतात, कधी गवे. राखणीला कान लागतात. दिसायच्या आधी जनावर ऐकू यायला हवं. अण्णा गेल्यावर पहिल्या वर्षी मी बसलो. पाठीमागच्या बांधावरून गवे उतरले आणि वरचं खाचर तुडवून गेले, मी पुढं तोंड करून बसलेलो. तेव्हापासून माळ्यावर बायको बसते आणि घरातलं मी बघतो. भात रांधतो, आमटी करतो, उजेड आहे तोवर तिचं जेवण घेऊन वर जातो. ती जेवते, मी खाली उभा राहतो, रिकामं भांडं घेऊन परत येतो.

मध्ये शेजारची म्हातारी घरी आली होती. ती मला खुणा करून काहीतरी सांगत होती. स्वतःच्या तोंडाकडं बोट करायची, मग माळ्याकडं, मग मान हलवायची. बराच वेळ मला कळेना. शेवटी कळलं. बायकोबद्दल सांगत होती. आताशा ती कुणाशीच बोलत नाही, पाणवठ्यावर हाक मारली तरी नुसती मान हलवते, असं म्हणत होती. मी म्हातारीला विचारलं, केव्हापासून. तिनं हात उडवले. तिलाही ते सांगता आलं नाही.